ओशॉनेसीच्या सळईपासून घरांतल्या तारेपर्यंत

घरांतील संगणक राउटरशीं कोणत्या तारेनें जोडावा, हा प्रश्न हल्लीं आमच्या अकोटसारख्या तालुक्याच्या गांवींही सुशिक्षित कुटुंबांत केव्हां ना केव्हां निघतोच. वरवर पाहतां तो प्रश्न दुकानदाराचा आहे. इतिहासाच्या अध्यापकानें त्यांत तोंड घालण्याचें कारण नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु मला त्यांत एक विसंगति दिसते. जो गृहस्थ घर बांधतांना लाकूड सागाचें कीं बाभळीचें हें स्वतः पारखून घेतो, जो शेतकरी बैल घेतांना त्याचे दांत पाहिल्यावांचून सौदा करीत नाहीं, तोच तारेच्या बाबतींत मात्र दुकानदार जी पुढें करील ती निमूटपणें उचलतो. तार म्हणजे तार, तींत पारखावयाचें काय, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः संदेश वाहणाऱ्या तारेची निवड ही पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ चालत आलेली विद्या आहे, आणि तिच्यांतील बहुतेक धडे कोणाचें तरी पुष्कळ द्रव्य पाण्यांत गेल्यावर शिकले गेले आहेत. त्या विद्येचा आरंभींचा एक अध्याय याच देशांत लिहिला गेला आणि दुसऱ्या एका अध्यायाशीं वऱ्हाडच्या कापसाचा निकट संबंध आहे. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा आयरिश वैद्य कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयांत रसायनशास्त्राचा अध्यापक होता. गांजाच्या औषधी गुणांची ओळख पाश्चात्त्य वैद्यकाला त्यानें करून दिली, म्हणून वैद्य लोक त्याचें नांव अजून घेतात. परंतु १८३९ सालीं, म्हणजे अमेरिकेंत मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू होण्याच्या पांच वर्षें आधीं, या गृहस्थानें कलकत्त्याजवळ बांबूंवर सुमारें एकवीस मैल लांबीची तार ताणून तिच्यांतून विद्युत्संदेश पाठविले आणि तिचा कांहीं भाग हुगळीच्या पाण्याखालूनही नेला. पाण्यांत वीज पसरून नाहींशी होऊं नये म्हणून तारेला कांहीं वेष्टण पाहिजे. रबर किंवा तत्सम पदार्थाची सोय त्याला नव्हती. त्यानें तारेला राळ फांसली, ती चिरलेल्या वेतांत बसविली आणि त्या वेतावर डांबरांत भिजविलेली सुतळी गुंडाळली. साहित्य सारें बाजारांतलें. परंतु आंत वाहक, त्याभोंवतीं विजेला अडविणारें वेष्टण आणि त्यावर झीज सोसणारें कवच, ही जी तिहेरी रचना त्यानें साधली तीच आजच्या प्रत्येक तारेंत आहे.

कंपनी सरकारनें या प्रयोगाकडे तब्बल दहा वर्षें डोळेझांक केली. पुढें लॉर्ड डलहौसीनें मनावर घेतलें, तेव्हां ओशॉनेसीनें कलकत्त्यापासून डायमंड हार्बरकडे पहिली तार टाकली. ज्या १८५३ सालीं निजामानें तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, त्याच सालच्या नोव्हेंबरांत कलकत्ता-आग्रा मार्गाचें काम सुरू झालें आणि पुढील मार्चांत सुमारें आठशें मैलांची ती तार बोलूं लागली. १८५५ च्या फेब्रुवारींत सामान्य लोकांस तारा पाठविण्याची मोकळीक मिळाली.

येथें लक्ष द्यावयाचें तें त्यानें निवडलेल्या तारेकडे. युरोपांत त्या काळीं बारीक तारा कांचेच्या अथवा चिनी मातीच्या रोधकांवर ताणीत असत. ओशॉनेसीनें तें न करतां आरंभींच्या मार्गावर तीन-अष्टमांश इंच जाडीच्या लोखंडी सळया एकमेकींस जोडून वापरल्या. लोखंड तांब्याच्या मानानें विजेचें फार वाईट वाहक. तांब्याच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतकीच त्याची योग्यता. तरी त्यानें तें घेतलें, कारण त्याच्यापुढें जो देश होता त्यांत वानर तारेवर झोके घेणार, गिधाडें व घारी तिच्यावर बसणार, वादळानें झाडें तिच्यावर पडणार, आणि तांबें दिसलें कीं तें कापून नेणारे हात सर्वत्र होते. जाड सळई वांकत नाहीं, सहज तुटत नाहीं, चोरून डोक्यावर नेतां येत नाहीं आणि जाडीमुळें लोखंडाची वाहकतेची उणीवही भरून निघते. पुढें अनुभवानें त्या सळया फार जड ठरल्या आणि रोधकांवर ताणलेल्या हलक्या तारा त्यांच्या जागीं आल्या. परंतु त्यामुळें पहिली निवड चुकली होती असें मला वाटत नाहीं. तार कोठें टांगावयाची, तिला कोण त्रास देणार, हें आधीं विचारून मग धातु निवडणारा तो या देशांतील पहिला मनुष्य होय.

जमिनीवरचा प्रश्न असा सुटला, पण समुद्राचा राहिला. तेथें वेताच्या कवचानें भागणारें नव्हतें. मलायाच्या अरण्यांतील एका वृक्षाचा चीक, ज्याला गटापर्चा म्हणतात, तो १८४३ च्या सुमारास लंडनला पोंचला. ऊन पाण्यांत मऊ होणारा, थंड पाण्यांत कठीण होऊन वर्षानुवर्षें टिकणारा असा हा पदार्थ समुद्रतळासाठींच निर्माण झाला होता असें म्हणावें लागेल. १८५१ सालीं डोव्हर आणि कॅले यांच्यामध्यें गटापर्च्यानें मढविलेली व वर लोखंडी तारांचें कवच चढविलेली केबल यशस्वी झाली, आणि मग मोठीं स्वप्नें पडूं लागलीं. १८५८ सालीं आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्यामध्यें अटलांटिकच्या तळाशीं केबल पोंचली. व्हिक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश तिच्यावरून जावयास सोळा तास लागले! संदेश इतका रेंगाळतो कशानें हें न उमगल्यामुळें कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनीं सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब तिच्यावर सोडला. वैद्यकीय पदवी असलेल्या या गृहस्थानें रोग्याला मात्रा वाढवून दिली आणि रोगी गेला, असेंच म्हणावयाचें. तीनएक आठवड्यांत केबल मुकी झाली.

विल्यम टॉमसन, ज्यांस पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणूं लागले, त्यांनीं याच्या आधींच गणितानें दाखविलें होतें कीं लांब केबलींत संदेशाला होणारा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट. त्याला उपाय अधिक दाब हा नव्हे, तर अधिक जाड तांबें व अधिक जाड वेष्टण. त्यांनींच आणखी एक गोष्ट शोधून काढली, आणि आपल्या विषयाला तीच सर्वांत जवळची आहे. बाजारांत तांबें म्हणून जें विकलें जाई त्याचे निरनिराळे नमुने तपासतां त्यांच्या वाहकतेंत विलक्षण फरक आढळला. दिसावयास सारख्या, वजनाला सारख्या, नांवानेंही सारख्या तारा, परंतु एक चांगली वाहणारी आणि दुसरी अगदींच वाईट! तेव्हांपासून तांब्याची शुद्धता मोजून घेण्याची चाल पडली. १८५८ च्या केबलींत दर सागरी मैलास १०७ पौंड तांबें होतें. १८६५ च्या केबलींत तें ३०० पौंड करण्यांत आलें आणि गटापर्चा ४०० पौंड. १८६६ सालीं अटलांटिकची केबल कायमची चालूं झाली.

हिंदुस्थानच्या वांट्यालाही असाच एक महागडा धडा आला. १८५७ च्या धामधुमीनंतर लंडनला इकडची बातमी लौकर पाहिजे होती. म्हणून सुवेझ, एडन, कराची अशी तांबड्या समुद्रांतून जाणारी केबल १८५९-६० मध्यें घाईनें टाकली. समुद्रतळाचे उंचवटे व खळगे नीट न पाहतां, पुरेसा ढिलेपणा न ठेवतां ती टाकली असल्यामुळें ती ताणली गेली, कवच गंजलें, आणि तिचे तुकडे झाले. आठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के व्याजाची हमी सरकारनें दिलेली होती. मेलेल्या केबलीपोटीं वर्षास छत्तीस हजार पौंड पन्नास वर्षें द्यावे लागले. या अपयशाची व अटलांटिकच्या अपयशाची चौकशी करणारी जी समिति नेमली गेली तिच्या १८६१ च्या अहवालानें केबल कशी करावी, कशी तपासावी, कशी टाकावी याचें शास्त्रच बनविलें.

मग १८७० साल उजाडलें. या सालाकडे वऱ्हाडच्या माणसानें विशेष लक्ष द्यावें. फेब्रुवारींत ‘ग्रेट ईस्टर्न’ हें त्या काळचें जगांतील सर्वांत मोठें जहाज मुंबईहून एडनकडे केबल टाकीत निघालें, आणि जूनमध्यें मुंबई व इंग्लंड यांच्यामधील समुद्री तारेची सांखळी पुरी झाली. त्याच वर्षीं मार्चमध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब ते खामगांव हा रेल्वेचा फांटा खुला झाला. खामगांव ही तेव्हां कापसाची अवाढव्य पेठ होती. सुवेझचा कालवा आदल्याच वर्षीं वाहता झालेला. एका वर्षाच्या आंत रूळ, कालवा व केबल ही तिन्ही साधनें एकत्र आलीं, तीं बहुतांशीं एकाच मालासाठीं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानें तारेनें मागविलेला वऱ्हाडी कापूस सुमारें सहा आठवड्यांत मर्सी नदीच्या धक्क्यावर उतरूं शकत असे. अमेरिकेच्या यादवी युद्धांत (१८६१-६५) कापसाला चढलेला सोन्याचा भाव आणि युद्ध संपतांच झालेली त्याची घसरण वऱ्हाडनें नुकतीच सोसली होती. आतां तशी चढउतर रोज सकाळीं तारेनें येऊं लागली.

पण ती कोणाकडे येऊं लागली? तार पोंचली ती खरेदीदाराच्या पेढीपर्यंत. अकोटच्या पेठेंत तेव्हां रेल्वे नव्हती. आमच्याकडील कास्तकार सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या रानांतला कापूस गाडींत भरून बाजाराला आणी, आणि तेथून माल सुमारें अठ्ठावीस मैलांवरील अकोल्यास रेल्वेकडे जाई. लिव्हरपूलला काल काय भाव फुटला हें पेढीवाल्यास ठाऊक. गाडीवर बसलेल्यास नाहीं. ज्वारीच्या रानांत कापूस शिरत गेला, घरचें धान्य विकत घ्यावें लागूं लागलें, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत कापूस पिकविणाऱ्या या मुलखाची काय दैना झाली हें येथें विस्तारानें सांगण्याची जरुरी नाहीं. हा सर्व दोष तारेवर लादणें अन्यायाचें होईल. सावकारी, सारा व पर्जन्य यांचा वांटा त्यांत मोठा होता. माझें म्हणणें इतकेंच कीं त्या तारेची निवड, तिचा मार्ग आणि तिचें टोक या तीन गोष्टींत वऱ्हाडच्या माणसास कोणी विचारलें नव्हतें. मार्ग तर अजून तोच आहे. ३० जानेवारी १८... नव्हे, २००८ सालीं अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतल्या केबली तुटल्या तेव्हां हिंदुस्थानांतील इंटरनेटचा वेग एकाएकीं मंदावला. सुवेझ व तांबडा समुद्र यांतूनच आपली वाट जाते हें त्या दिवशीं पुष्कळांस प्रथमच कळलें असेल.

तारायंत्रानंतर दूरध्वनि आला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें त्याचीं विनिमय-केंद्रें २८ जानेवारी १८८२ रोजीं सुरू झालीं. तारायंत्राचा टकटकाट एका तारेवर चाले. परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरीत. मनुष्याचा आवाज मात्र फार नाजूक. शेजारच्या तारेंतलें बोलणें, विजेच्या दिव्यांची व ट्रामची घरघर, सारें त्यांत मिसळे. यावर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालीं ज्या उपायाचें एकस्व घेतलें तो उपाय इतका साधा आहे कीं तो आपल्या एखाद्या दोर वळणाऱ्याला सुचावयास हवा होता. एकाऐवजीं दोन तारा घ्यावयाच्या आणि त्या एकमेकींभोंवतीं पिळावयाच्या. बाहेरून येणारा उपद्रव मग दोघींवर सारखाच पडतो. आणि ऐकणारें यंत्र दोघींमधील केवळ फरक ऐकत असल्यामुळें जें दोघींस सारखें आहे तें आपोआप वजा होतें. पीळ नसेल तर एक तार नेहमींच उपद्रवाच्या जवळ राहील. पिळामुळें जवळ-दूरची पाळी सारखी बदलते. गोंगाटाशीं भांडण्याऐवजीं तो दोघांत समान वांटून नाहींसा करण्याची ही युक्ति मला विद्युत्शास्त्रांतील अतिशय सुंदर युक्तींपैकीं एक वाटते. आज संगणकाच्या मागें जी निळी अथवा करडी तार लोंबते तिच्या पोटांत आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ निराळा असतो, तो एवढ्याचसाठीं कीं जोड्यांनीं आपापसांत कुजबुज करूं नये.

संगणकांच्या जगांत ही पिळाची तार जरा उशिरानें आली. रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ च्या मेमध्यें कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनालयांत ज्या योजनेचें टिपण लिहिलें तिला त्यांनीं ‘इथरनेट’ हें नांव दिलें. जुन्या पदार्थविज्ञानांत प्रकाश ज्यांतून वाहतो असें मानीत त्या ‘ईथर’ची ही आठवण, ईथर मेला, पण नांव घरोघरीं पोंचलें. त्यांच्या योजनेंत एकच जाड समाक्ष केबल साऱ्या कचेरींतून फिरे आणि प्रत्येक संगणक तिला टोंचून जोडला जाई. ती बोटाएवढी जाड व वळवावयास कठीण. कोठें तरी एका ठिकाणीं ती बिघडली कीं साऱ्या कचेरीचे संगणक एकदम मुके होत. एकत्र कुटुंबाचे गुणदोष तिच्यांत पुरेपूर होते. १९९० सालीं दूरध्वनीच्या धर्तीची पिळाची तार इथरनेटसाठीं प्रमाण म्हणून मान्य झाली. तेव्हांपासून प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार मिळाली आणि एकाचा बिघाड एकापुरता राहूं लागला. दर सेकंदास दहा दशलक्ष संकेतांवरून १९९५ सालीं शंभर दशलक्ष, आणि १९९९ सालीं त्याच चार जोड्यांतून एक अब्ज, म्हणजे ज्याला ‘गिगाबिट’ म्हणतात तो वेग साधला. १९९५ च्याच १५ ऑगस्टला आपल्या देशांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें झालें होतें. तें तेव्हां दूरध्वनीच्या तारेवरून कण्हत-कुंथत घरीं येई. आतां गल्लीपर्यंत, पुष्कळ ठिकाणीं दारापर्यंत, कांचेचा तंतु आला आहे. समुद्राची केबल, महामार्गालगतचा तंतु, खांबावरची जोडणी, यांपैकीं कशाचीच निवड आपल्या हातीं नाहीं. दारापासून टेबलापर्यंतचे शेवटचे दहा-वीस हात तेवढे आपल्या हातीं आहेत.

कोणी विचारील, बिनतारी लहरी असतांना तार कशाला? त्याला आमच्याकडील घरें हेंच उत्तर आहे. वऱ्हाडांतील जुनीं धाब्याचीं घरें पांढऱ्या मातीचीं. भिंती दीड-दोन हात रुंद. उन्हाळ्यांत त्यांच्यासारखा गारवा नाहीं, पण ओसरीवर ठेवलेल्या राउटरच्या लहरी दोन भिंती ओलांडून माजघरांत पोंचेपर्यंत थकून जातात. पावसाळ्यांत भिंती ओलावल्या कीं विशेषच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत मुलीची प्रवेशपरीक्षा घरूनच संगणकावर व्हावयाची होती. वडिलांनीं आदल्या आठवड्यांत तार विकत आणून ओसरीपासून आंतल्या खोलीपर्यंत टाकली. कंपनीकडून तीनशें मेगाबिटची जोडणी घेतलेली. संगणकांत मिळत पंच्याण्णव, आणि तेंही मधून मधून तुटत. मुलगी रडवेली झाली. कंपनीला दोष दिला, राउटर बदलला. शेवटीं तार कापून पाहिली तेव्हां तांबूस रंगाखालीं पांढुरका धातु निघाला.

हा पांढुरका धातु म्हणजे ॲल्युमिनियम. त्याच्यावर तांब्याचा पातळ मुलामा चढवून जी तार करतात ती आज बाजारांत सर्वत्र आहे, आणि ती बहुधा तांब्याची म्हणूनच विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या सुमारें दीडपट. ती ठिसूळ, दोन-चार वेळां वांकविली कीं आंतून मोडते. आणि तारेवरूनच वीज पुरवावयाची असलेल्या कॅमेऱ्यासारख्या उपकरणांसाठीं वापरली तर तापते. संगणकाच्या तारांचें जें प्रमाण ठरलेलें आहे त्यांत अशा तारेस जागाच नाहीं. टॉमसननें दीडशें वर्षांपूर्वीं दाखविलेली लबाडी अकोटच्या दुकानांत अशी पुन्हां भेटते. ओळखण्याची रीत सोपी आहे. टोकाची एक तार चाकूनें खरवडून पाहावी. आंत पांढरें दिसलें तर परत करावी. गुंडाळी हातांत घेऊन तोलली तरी अनुभवी मनुष्यास कळतें, कारण ॲल्युमिनियम फार हलकें. वेष्टणावर छापलेला मजकूरही वाचावा. तेथें तारेची जाडी अंकांत दिलेली असते, आणि तो अंक जितका मोठा तितकी तार बारीक. तेवीस अथवा चोवीस हा अंक घरच्या कामास योग्य, तीस-बत्तीस आकड्याच्या चपट्या फितीसारख्या तारा दिसावयास सुबक असल्या तरी लांब अंतरास निरुपयोगी.

नंतर प्रश्न येतो प्रतीचा. दुकानदार म्हणतो, “सर, आठ नंबरची घेऊन जा ना जी, सहापेक्षां आठ मोठाच राहते.” त्याचें अंकगणित बरोबर आहे, पण येथें तें लागू नाहीं. आठव्या प्रतीची तार ही मोठमोठ्या संगणक-भांडारांत शेजारशेजारच्या यंत्रांना जोडण्यासाठीं आहे. तीस मीटरच्या पुढें तिची हमीच नाहीं, आणि तिचा खरा वेग घेऊं शकेल असा राउटर घरांत नसतो. पांच-ई प्रतीची तार गिगाबिट वेग शंभर मीटरपर्यंत नेते; सहाव्या प्रतीची तीच गोष्ट अधिक निर्धास्तपणें करते आणि पन्नासएक मीटरपर्यंत त्याच्या दसपट वेगही झेपूं शकते. घरांत नव्यानें टाकावयाची असेल तर सहावी घ्यावी, जुनी पांच-ई धड असेल तर ती उपटूं नये. तार घेण्यापूर्वीं राउटरचें छिद्र कोणत्या वेगाचें आहे तें पाहावें. स्वस्त राउटरांत तें शंभर मेगाबिटचेंच असतें आणि मग सोन्याची तार आणली तरी तिचा उपयोग नाहीं. उलट, छिद्र गिगाबिटचें असून वेग पंच्याण्णवच्या आसपास अडकला तर चारांपैकीं एखादी जोडी तुटली आहे किंवा टोकाचें बोंड नीट बसलेलें नाहीं, असें बहुधा खुशाल समजावें.

धातूच्या पापुद्र्यानें आंतून मढविलेली तार अधिक चांगली, असाही एक समज आहे. तो पापुद्रा नीट भूमीशीं जोडला गेला तरच कांहीं काम करतो. ज्या घरांत तिसऱ्या छिद्राची तार भिंतींतच संपते, आणि अशीं घरें आमच्याकडे थोडीं नाहींत, तेथें तिच्यासाठीं दाम मोजणें व्यर्थ. विजेच्या वायरींपासून चार बोटें दूर नेलेली साधी पिळाची तार बेलच्या युक्तीनें आपलें रक्षण आपणच करते. मात्र घरापासून गोठ्याकडे किंवा समोरच्या दुसऱ्या इमारतींत जावयाचें असेल तर तांबें नेऊंच नये. मृगाच्या आरंभीं आमच्याकडे जीं वादळें होतात त्यांत जवळपास वीज पडली तर तिचा झटका त्या तारेच्या दोन्ही टोकांचीं यंत्रें घेऊन जातो. तेथें कांचेचा तंतु टाकावा. त्यांतून वीज वाहतच नाहीं.

तार भिंतींत पुरावयाची कीं वरून न्यावयाची, यावर अकोटकरांना रेल्वेचा दाखला पुरेसा आहे. स्वातंत्र्यानंतर अकोटला जी रेल्वे मिळाली ती मीटर गेजची. ती १ जानेवारी २०१७ रोजीं बंद झाली आणि रुंद रुळांवरून अकोला-अकोट गाडी धावूं लागली ती २०२२ च्या नोव्हेंबरांत. पुढचा मेळघाटांतला मार्ग तर वनाच्या प्रश्नावरून वादांत सांपडला. जमिनींत घातलेलें प्रमाण बदलावयास किती वर्षें लागतात हें आम्हीं असें मोटारींत धक्के खात मोजलें आहे. तेव्हां भिंतींत तार उघडी गाडूं नये, नळी घालावी. पांढऱ्या मातीच्या भिंतीला छिन्नी लावली तर हातभर पोपडा निघतो. तेथें नळी कडीपाटाखालून किंवा दाराच्या चौकटीलगत वरूनच न्यावी. उंदीर तारेचें वेष्टण कुरतडतात, तेंही नळीनें टळतें. भिंतींतून जाणारी तार अखंड एका जाड तंतूची घ्यावी, आणि नळीच्या टोकापासून संगणकापर्यंत जी हलती राहणार ती पुष्कळ बारीक तंतूंची, कारण ती वाकलेली सोसते. नळींत तारेबरोबर एक सुतळीही ओढून तिचीं दोन्ही टोकें बाहेर बांधून ठेवावीं. पुढेंमागें दुसरी तार घालावयाची झाली म्हणजे ती सुतळीला बांधून पलीकडून ओढून घेतां येते.